दमातला ठोका

माझी मुलगी मेली तेव्हा तिच्या काळजाची रेषा टीव्हीच्या पडद्यावर खाली डावीकडे पळत होती आणि रेषेशेजारी सिमेंटची जाहिरात होती. रेषा थांबली तरी जाहिरात बराच वेळ हलली नाही. नंतर लोक घरी येऊन सांगायचे, "काकू, आम्ही लाइव्ह बघत होतो." हे ऐकून मला बरं वाटेल, अशी त्यांची समजूत होती.

मी उज्ज्वला मोकाशी. 'पटांगण' वाहिनीवर कबड्डीचं समालोचन करणारी ती जाड आवाजाची बाई म्हणजे मीच. 'पटांगण'वर दिवसरात्र फक्त कॉलेजचे खेळ चालतात. वाहिनी सुरू झाली तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. कॉलेजच्या पोरांचा खो-खो बघायला कुणाला वेळ आहे? पण निरंजन देशिंगकर या तिच्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. देशाच्या संघात आपल्या ओळखीचं कुणी नसतं. कॉलेजच्या संघात मात्र कुणाची भाची असते, कुणाचा पुतण्या असतो, निदान शेजारणीची पोरगी तरी असते. बघता बघता गावोगावच्या टपऱ्यांवर 'पटांगण' लागलं.

तरी वाहिनीला खरी बरकत आली ती दमरेषेमुळे. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं असतं. त्याला आम्ही दम म्हणतो. दम तुटला की खेळाडू बाद. कुणी चोरून श्वास घेतो का, हे पंचांना नीट ऐकू यावं म्हणून वाहिनीनं चढाईपटूंच्या कॉलरला मण्याएवढा माइक लावला. त्या आवाजाची देखरेख नौशाद सतारमेकरकडे होती. हा नौशाद मिरजेचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवायचा धंदा, हा मात्र ध्वनीचा इंजिनिअर झाला. कान घरचाच. दमाच्या आवाजात एक बारीक हेलकावा आहे आणि तो ठरावीक अंतरानं येतो, हे पहिल्यांदा त्याला जाणवलं.

"काळीज फुप्फुसाला टेकूनच बसलेलं असतं ना, मॅडम," त्यानं मला समजावलं होतं. "दर ठोक्याला ते फुप्फुसातल्या हवेला हलका धक्का देतं. तो धक्का घशापर्यंत येतो आणि आवाज केसभर वरखाली होतो. आपल्या कानाला कळत नाही, यंत्राला कळतं."

साध्या बोलण्यातूनही कळतं म्हणे, पण पुसट. बोलताना शब्द बदलतात, आपण थांबतो, हेल काढतो. दमात तोच शब्द, तीच लय आणि एकच श्वास, तोही अर्धा मिनिटभर. आमच्या बापजाद्यांनी लबाडी पकडायला केलेला नियम यंत्राला आयताच सापडला. आवाजातून बाकी सगळं गाळून टाकलं की उरते ती काळजाची रेषा. देशिंगकरांनी ती उचलली आणि थेट पडद्यावर लावली. चढाईला निघालेल्या पोरीचा चेहरा शांत आणि खाली तिचं काळीज धाडधाड उडतंय, हे बघायला लोक जेवणं सोडून बसायला लागले.

माझी ईश्वरी त्या रेषेची लाडकी होती. ती मध्यरेषा ओलांडून गेली की कॅमेरा तिच्यावरून हटायचा नाही. तिची रेषा इतरांसारखी एकसारखी पळत नसे, मध्येच अडखळायची, मग उसळी घ्यायची. निवेदक ओरडायचा, "काय थरार आहे!" मी घरी बसून कौतुकानं बघायची. मला वाटायचं, पोरगी खेळतेच तशी. उपांत्य सामन्यात उत्तरार्धाच्या चौथ्या चढाईत तिचा दम मध्येच तुटला. पंचांनी बाद दिल्याची शिट्टी वाजवली, आणि ती मात्र पडली ती उठलीच नाही. वीस वर्षांची होती.

तेराव्याला देशिंगकर स्वतः आले. गोरेगोमटे, हळू आवाजात बोलणारे. मी तरुणपणी जिल्ह्याच्या संघात डावा कोपरा सांभाळायची, ही माहिती त्यांनी आधीच काढलेली होती. म्हणाले, "उज्ज्वलाताई, समालोचन करा आमच्याकडे. ईश्वरी मैदानात आहे असं वाटेल तुम्हाला." घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेले. लेक गेलेल्या आईचा आवाज लोक कान देऊन ऐकतात, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला कळायला वर्ष गेलं.

कळलं तेही नौशादमुळे. कराडला सामना होता. मध्यंतरात मी चहाचा कप घेऊन प्रक्षेपणाच्या गाडीत चढले, तर तो घाईघाईनं पडदा बंद करायला लागला. मी त्याचा हात धरला. पडद्यावर एका चढाईपटूची रेषा होती आणि तिच्या टोकाला तांबडा ठिपका.

"हे काय आहे?"

"काही नाही मॅडम. आतलं आहे, प्रेक्षकांना दिसत नाही."

"मी प्रेक्षक नाही. काय आहे?"

नौशादनं कानावरचे हेडफोन काढले. तोंड फिरवून बोलला, तेवढी लाज शिल्लक होती त्याच्यात. "ताण वाढल्यावर ठोका गळत असला की यंत्र ठिपका दाखवतं. एखादा गळला तर ठीक. एका दमात तीन गळले म्हणजे काळजातली विजेची वाट तुटत आलीय. मग काही तासांचा खेळ."

मला पुढचं विचारायचीही गरज नव्हती. तरी विचारलं. त्यानं एक जुना आवाज लावला. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी...' माझ्या पोरीचा आवाज. 'ड'वर जोर द्यायची खोड तिला माझीच लागली होती. रेषेवर तांबडे ठिपके एकामागून एक उमटत गेले. हा तिचा शेवटचा पूर्वार्ध होता.

"पहिल्या सामन्यापासून एखाददुसरा येत होता, त्या दिवशी तीन झाले," नौशाद म्हणाला. "मी वर कळवलं होतं, मॅडम. देशिंगकर सर म्हणाले, आपण काय दवाखाना चालवतो का? जिची रेषा अडखळते तिच्यावरच लोक थांबतात, कॅमेरा तिच्यावरच ठेव."

मी चहाचा कप तिथंच ठेवून खाली उतरले. त्या कराडच्या पोरीला मी तिच्या प्रशिक्षकांशी भांडून खाली बसवलं. पुढे तिच्या छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि आज ती नोकरी करते. ईश्वरीचंही एवढंच काम होतं. एवढंच!

मी विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे गेले. नौशाद हात जोडून म्हणाला होता, "माझं नाव घेऊ नका." मी नाही घेतलं. यंत्रानं ईश्वरीबद्दल इशारा दिला होता का, एवढंच विचारा, असं मी समितीला सांगितलं. देशिंगकरांनी शपथेवर उत्तर दिलं. "दमरेषा ही निव्वळ करमणूक आहे. तिच्यात तांबडा ठिपका येतो तो सर्दीनंही येतो, घशात कफ असला तरी येतो. त्यावरून कुणाच्याही प्रकृतीबद्दल काही सांगता येत नाही." वर्तमानपत्रांनी ते वाक्य चौकटीत छापलं. समितीनं 'दुर्दैवी घटना' असा शेरा मारून काम आटोपलं.

मला त्यांनी वाहिनीवरून काढलं नाही. काढलं असतं तर लोक बोलले असते. उलट 'केवढं मोठं मन' म्हणून त्यांचं कौतुकच झालं. आणि मीही गेले नाही. डाव्या कोपऱ्याची एक शिस्त असते. चढाईपटू समोर नाचतो, चिडवतो, हात दाखवतो. तो पाऊल आत टाकेपर्यंत आपण हलायचं नसतं. टाकलं की घोटा धरायचा आणि मेलं तरी सोडायचा नाही. मला एकच हवं होतं. त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत म्हणावं की यंत्र खरं सांगत होतं आणि आम्हाला ते ठाऊक होतं. त्यासाठी मी त्याच्या वाहिनीवर रोज हसून बोलायला तयार होते.

त्या वर्षी मुलींचा अंतिम सामना मिरजेत होता. ईश्वरीचंच कॉलेज अंतिम फेरीत पोचलं होतं, तिच्याच मैत्रिणी. आमच्या भागात स्पर्धेचं उद्घाटन नारळ फोडून संपत नाही. प्रमुख पाहुण्यानं बूट काढून एक चढाई करायची असते. मुली खोटंखोटं घाबरतात, पाहुणा कुणाच्यातरी खांद्याला हात लावून परत येतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्या दिवशी मंत्रिमहोदय यायचे होते, ते आयत्या वेळी अडकले. संयोजक घाम पुसत हिंडत होते. देशिंगकर पहिल्या रांगेत बसले होते.

समालोचनाचा माइक चालूच होता, मी बोलून टाकलं, "मंडळी, पाहुणे नाहीत म्हणून काय झालं? ज्यांनी आपली कबड्डी घराघरात नेली ते आपल्यातच आहेत. देशिंगकर साहेब, या! आणि कॉलरला माइक लावून या बरं का, तुमचंही काळीज बघू दे महाराष्ट्राला!"

गर्दीनं शिट्ट्या मारल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही.

खरं सांगते, माझा डाव फार मोठा नव्हता. माणूस पंचावन्नचा, पोट सुटलेला. त्याला दम लागेल, रेषा सैरभैर होईल, आणि तसाच धापा टाकत असताना मी सगळ्यांसमक्ष विचारणार होते, ईश्वरीचा ठिपका आठवतो का? तो खोटं बोलणार आणि त्याचं काळीज त्याच्याच पडद्यावर त्याला उघडं पाडणार. नौशादशी ठरलं होतं, माइक लगेच काढायचा नाही.

देशिंगकरांनी मध्यरेषेला वाकून नमस्कार केला आणि ते आत शिरले. "कबड्डी, कबड्डी..." शाळकरी पोरासारखे लाजत होते. पोरींनी त्यांना दोन फेऱ्या पळवलं. मी निवेदन करत होते, हसत होते, आणि डोळा समोरच्या छोट्या पडद्यावर ठेवला होता, नौशादनं त्यावर आतली, ठिपक्यांची रेषा जोडून दिली होती.

तांबडा ठिपका उमटला.

मला वाटलं, माझे डोळे. मग दुसरा. ते परत फिरले, एका पोरीच्या खांद्याला हात लावला, आणि मध्यरेषेवर पाय टेकताना तिसरा.

कानात नौशादचा आवाज आला.  "मॅडम, तीन गेले. अगदी ईश्वरीसारखे."

विचारायचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. देशिंगकर हात हलवत, हसत जागेवर जाऊन बसले. माइक कुणीतरी काढून घेतला. सामना सुरू झाला.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. पोटातून वर येणारा, गोड, घाणेरडा आनंद. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, जसे ते बसले होते. माझी पोरगी घाम पुसत पाणी पीत होती तेव्हा या माणसाला ठाऊक होतं, आता तो बिसलेरीचं झाकण उघडत होता आणि मला ठाऊक होतं. देवानं इतकं तंतोतंत माप माझ्या हातात दिलं होतं की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"मॅडम, सांगायला पाहिजे," नौशाद पुन्हा.

"गप्प बस. तू तेव्हा गप्पच बसला होतास ना?"

 मी पूर्वार्ध उत्तम रंगवला. ईश्वरीच्या मैत्रिणींनी समोरचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला तेव्हा माझा आवाज असा चढला की आजूबाजूचे वळून बघायला लागले. दर मिनिटाला मी पहिल्या रांगेकडे बघत होते. अजून बसलाय. अजून हसतोय. आता मान कलेल, आता कलेल.

आणि मग मला पुढचं दिसलं. उद्याच्या 'पटांगण'वर याचा हार घातलेला फोटो. हळवी सनई. 'कॉलेज क्रीडेचा पितामह'. पुढच्या वर्षीपासून करंडकाला याचं नाव, आणि ईश्वरीच्या मैत्रिणी तोच करंडक छातीशी धरून उभ्या. आणि निवेदन करायला कोण? मीच. मेलेला माणूस एकदम थोर होतो हो. तो कशाची कबुली देणार? त्याचं खोटं त्याच्याबरोबर जळून जाणार आणि राख पवित्र ठरणार.

नाही. इतका स्वस्तात सुटणार नव्हता तो.

मध्यंतराची शिट्टी झाली. मी नौशादला दोन्ही रेषा टॅबवर टाकायला लावल्या आणि तो घेऊन देशिंगकरांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काय, ताई! कशी झाली आमची चढाई?"

"झकास. सर्दी झालीय का तुम्हाला?"

"सर्दी? नाही बुवा."

"घशात कफ वगैरे?"

हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. वर ईश्वरीची रेषा, शेवटच्या पूर्वार्धातली. खाली त्यांची, आत्ताची. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोणती रेषा 'चालते' हे वर्षानुवर्षं तेच तर निवडत होते.

"हे तुम्ही काहीतरी केलंय," ते पुटपुटले.

"असेल. नाहीतरी करमणूकच आहे ती. तुम्हीच शपथेवर सांगितलंय." मी उठले. "वरच्या रेषेची पोरगी उत्तरार्धात चौथ्या चढाईला गेली. आता मध्यंतर आहे. निवांत चहा घ्या."

मी चार पावलंही गेले नसेन. मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. देशिंगकर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे जवळजवळ धावत निघाले होते. तिथली तरुण डॉक्टर त्यांची नाडी बघत म्हणाली, "आत्ता तर ठीक लागतेय, सर. छातीत दुखतंय? चक्कर? मग सामना संपू दे ना. गाडी हलवली तर खेळ थांबवावा लागेल."

खरंच होतं ते. ईश्वरीनंतर विद्यापीठानं नियम केला होता. रुग्णवाहिका जागेवर नसेल तर सामना चालू ठेवायचा नाही. आणि थांबवायचा अधिकार फक्त मुख्य पंचांना. पंच होते वाळव्याचे आण्णा शिरतोडे, जुना आडदांड गडी, कुणाच्या बापाला न भिणारा. ते आले. दोन्ही संघांचे प्रशिक्षक आले. पोरी आल्या. पंचांचा निर्णय घरोघरी ऐकू जावा म्हणून त्यांच्या छातीवरचा माइक कायम चालू असतो, ही व्यवस्था देशिंगकरांचीच. कॅमेरावाल्या पोरालाही त्यांनीच शिकवलं होतं, गर्दी दिसली की आत घुस. तो घुसला.

"काय झालं ओ, साहेब?" आण्णा म्हणाले.

"हीच गाडी पाहिजे, माझ्या मोटारीत वाटेत काही झालं तर कोण बघणार? मला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"जावा की. पण अंतिम सामना हाय, उगं कसा थांबवू? कारण सांगा."

देशिंगकरांनी माझ्याकडे बघितलं. मी हाताची घडी घालून उभी होते. मला त्यांची धडधड ऐकायला यंत्र लागत नव्हतं.

"माझ्या... माझ्या दमात ठिपका आलाय. तांबडा."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "असं व्हय? पर त्यो तर सर्दीनंबी येतोय म्हणं. पेपरात वाचलंतं आमी. तुमीच सांगितलंतं."

"अहो, ते—"

"कफ असला तरी येतोय म्हणं. डॉक्टरीणबाई म्हणत्यात नाडी बरी हाय. मग कशापायी पोरींचा खेळ थांबवायचा?"

"नाही येत सर्दीनं!" देशिंगकर ओरडले. घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता. "कशानंच येत नाही! तो खरा असतो! तीन आले म्हणजे माणूस मरतो, मी पाहिलंय!"

"कवा पाहिलंसा?"

 ईश्वरीच्या संघाची कर्णधार, मृण्मयी, तिच्या शेजारी पलंग टाकून हॉस्टेलवर राहिलेली पोरगी, अगदी पुढे उभी होती. देशिंगकरांची नजर तिच्यावर गेली, मग तिच्या जर्सीवर, ईश्वरी घालायची तसल्याच, आणि तिथून त्यांना हलवता येईना.

"त्या पोरीच्या वेळी," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, पण आण्णांच्या छातीवरच्या माइकला तेवढा पुरे होता. "ठिपके येत होते. मला माहीत होतं. आता तरी गाडी द्या."

आण्णांनी शिट्टी वाजवली. दोन्ही हात वर करून सामना थांबवला. गर्दीतला एक माणूसही ओरडला नाही. मृण्मयी खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथेच होता. फक्त आता तो त्यांच्याही छातीवर आला होता, आणि तेवढं मला पुष्कळ होतं.

त्या तरुण डॉक्टरला मी दोन्ही रेषा दाखवल्या. तिचा चेहरा बदलला. तिनं भराभरा त्यांना आडवं केलं, छातीला तारा लावल्या, आणि गाडीतल्या छोट्या पडद्यावर बघत चालकाला म्हणाली, "थेट हृदयविभागात. कुठं थांबू नको." म्हणजे यंत्र आजही बरोबर होतं.

दार लावायला मीच पुढे झाले. देशिंगकरांनी माझं मनगट पकडलं.  डोळ्यांत पाणी. "उज्ज्वलाताई, तुम्ही सांगितलं नसतंत तर... तुमचे उपकार मी जन्मभर—"

"उपकार कसले?" मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "तुम्ही फक्त जगा, देशिंगकर. कोर्टात साक्ष द्यायचीय तुम्हाला."